कॉम्प्युटरले ताप आला

माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी, अकोल्याला, एक कॉम्प्युटर आहे. तो मी माझ्या हातानं जोडला. त्याच्यामुळे ती गेली असं मी म्हटलं की बायको म्हणते, वेड्यासारखं बोलू नका, मे महिना होता, ऊन लागलं, डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहून दिलंय. डॉक्टरांचा कागद खरा आहे. पण डॉक्टरांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं.

तिला मी बाई म्हणत असे. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. पुण्याच्या लोकांना ते विचित्र वाटतं, वाटू द्या. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आई गेली, आणि तिथून पुढं माझी वेणीफणी सोडून सगळं बाईनं केलं. मग ती नर्स झाली. पहिली नेमणूक मेळघाटात, सेमाडोहकडं, आणि नंतर सारी नोकरी अकोला जिल्ह्यातल्या खेड्यांमधून. लग्न केलं नाही. का नाही, ते आम्ही कोणी विचारलं नाही, आणि आता विचारायला जागा नाही.

तिला सगळं मोजायची सवय. पोराला ताप आहे म्हणून कोणी बाई धावत आली की ही म्हणायची, "अंग गरम लागून राह्यलं, हे काय सांगणं झालं? मोज, अन् आकडा सांग मले." मी आठवीत असताना मला टायफॉइड झाला, तेव्हा तिनं दवाखान्यातून ताप-तक्त्याचे छापील कागद आणून माझ्या खाटेच्या पायाशी टांगले होते. वेळ, ताप, नाडी, शेरा, असे चार रकाने. एकवीस दिवस भरले तिनं ते. ज्या दिवशी माझा ताप गेला त्या दिवशी शेऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ताप उतरला", आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला ऐकू येत होतं.

रिटायर झाल्यावर तिला व्हिडिओ करायचं खूळ लागलं. खूळ मी म्हणायचो, ती काम म्हणायची. नव्या बाळंतिणीला कोणी नीट सांगत नाही, मोबाइलवर जे सांगतात ते पुस्तकातलं बोलतात, म्हणून ही आपल्या वऱ्हाडीत सांगणार. लेकराला आंघोळ कशी घालायची, दूध पिताना कसं धरायचं, कशानं घाबरायचं अन् कशानं नाही. स्टीलच्या तीन डब्यांवर मोबाइल उभा करायचा, टॉवेल गुंडाळून त्याचं लेकरू करायचं, आणि सुरू. दोन महिन्यांत तिचा मोबाइल भरून गेला. मग मला फोन.

"भाऊ, मले कॉम्प्युटर पाह्यजे. हे सारं कापून-जोडून एक सलग करायचं हाय. हजारो लेकरं काढली या हातानं, पण थे सारे लोकायचे. हे एक माह्यं राहू दे."

"तयार घेऊ नको," मी म्हणालो. "मी जोडून देतो."

मी अमरावतीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. तेवीस वर्षं झाली. गल्लीत कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की मलाच हाक. त्याचा मला माज होता, सरळ सांगतो. दुकानात तयार मिळतात ते डबडे असतात, आपण एकेक भाग पारखून घ्यायचा, असं मी चारचौघांत ऐकवायचो.

होळी झाल्यावरच्या रविवारी दोन खोकी मांडीवर आणि एक पायाशी घेऊन मी बसनं अकोल्याला गेलो. बाईचं घर कौलखेडच्या पुढं. पुढची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि मधात एक छोटीशी कोठी. पुढच्या खोलीत चाकांच्या लोखंडी स्टँडवर तिचा एकुलता एक कूलर. कॉम्प्युटर कोठीत ठेवायचा हे तिनंच ठरवलं होतं. तिथं धूळ येत नाही म्हणे.

जमिनीवर चादर टाकून आम्ही दोघं बसलो. ती मला एकेक वस्तू देत होती, ऑपरेशनला द्यावी तशी. कॅबिनेटच्या काचेवर पातळ प्लास्टिक होतं, ते मी नखानं उचलायला लागलो तर तिनं हात धरला.

"राहू दे ना रे. नवं राह्यते."

आमच्या घराण्यात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. वडिलांनी घेतलेल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक पिवळं पडून आपोआप गळून गेलं, तेव्हा कुठं त्याची बटणं आम्हाला नीट दिसली. बाईच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर अजूनही ते आहे, वेळ जरा धुक्यातून बघावी लागते. मी हसलो आणि काचेवरचं तसंच ठेवलं. मीही त्याच घरातला.

मग प्रोसेसर बसवला. तो या सगळ्याचा मेंदू. काम करताना तापतो, म्हणून त्याच्यावर थोडं मलम लावून वर धातूचा एक जड ठोकळा बसवतात, आणि ठोकळ्याला पंखा. मेंदूची उष्णता मलमातून ठोकळ्यात, आणि ठोकळ्यातून पंखा ती बाहेर फेकतो. हे मी तिला समजावून सांगत होतो, आणि सांगता सांगताच ठोकळा बसवून स्क्रू आवळले. मुलांना शिकवताना बोलतो तसा ऐटीत बोलत होतो. हाताकडं लक्ष नव्हतं.

दुपारी सगळं जोडून झालं. बाईनं भिंतीवरच्या दोन्ही तसबिरींपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि मला म्हणाली, कर चालू. मी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि स्क्रीन काळीच. अर्धा तास गेला. मेमरीची पट्टी काढून पुसली, परत लावली. पुन्हा काळी. एक तास गेला. घाम फुटला. बाई मागं उभी राहून बघत होती आणि ते मला टोचत होतं.

"तू चाय कर बरं," मी खेकसलो.

शेवटी ज्याच्याकडून माल घेतला त्या अमरावतीच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, स्क्रीनची केबल कुठं लावली? वरच्या जागेत लावली होती. ती खालच्या, चित्र दाखवणाऱ्या कार्डात लावायची असते. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल. केबल खाली लावली आणि चित्र आलं.

बाई चहाचे कप घेऊन दारात उभी. तिनं ऐकलं होतं.

"वा रे माह्या डॉक्टर! तेवीस वर्सं झाले म्हणते, अन् नाळ कुठसा हाय थे समजत नाई. बरं झालं बाप्पा, तू नर्स नाई झाला!"

इतकी हसली की चहा बशीत सांडला. मीही हसलो. त्या दिवसाची आठवण मी आता फार वेळ मनात धरू शकत नाही.

आठ-दहा दिवसांनी तिचा पहिला फोन आला. "भाऊ, काळा पडला."

तुकडे कापून, जोडून झाले होते. आता ते सगळे मिळून एक व्हिडिओ तयार करायला लावला की कॉम्प्युटरला दोन-तीन तास जोर लावावा लागतो. पाऊण तास झाला की स्क्रीन काळी आणि सगळं बंद. पुन्हा लावलं, पुन्हा काळी. पहिल्या दिवशीची केबलची फजिती माझ्या डोक्यात घट्ट बसलेली, म्हणून मी ठरवूनच टाकलं की दोष डिस्प्लेचाच. केबल हलवून बघ, म्हणालो. तिनं हलवली. दुसऱ्या तोंडात लाव. लावली. एप्रिलात मी स्वतः गेलो, नवी केबल आणि लॅबमधली एक जुनी स्क्रीन छातीशी धरून. मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये उभ्यानं. सगळं बदललं, कार्ड काढून बसवलं, व्हिडिओ लावला आणि दोघं बघत बसलो. पाऊण तासानं काळी.

बाई उठली. कॅबिनेटवर तळहात ठेवला, मग उलटा हात ठेवला, आपण लेकराच्या कपाळाला लावतो तसा.

"भाऊ, डिस्प्लेचं काही नाई. याले ताप हाय."

"बाई, मशीनला ताप नसतो."

"हात लावून पाय ना. फणफणला हाय."

मी हात लावला. चटका बसला. तिचं निदान बरोबर होतं. तीन आठवडे मी चित्र का जातं ते शोधत होतो, आणि मशीन जीव वाचवायला स्वतःला बंद करत होतं. मेंदू ठरावीक आकड्यापुढं तापला की ते असं करतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण माणसाला जे एकदा चुकलं तेच दिसत राहतं.

मी त्याच्यात तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. कोपऱ्यात आकडा दिसायचा. ऐंशीच्या आत असला म्हणजे ठीक, नव्वदच्या वर गेला की वाईट, असं तिला सांगितलं. तिचे डोळे चमकले. कपाट उघडून तिनं खालच्या कप्प्यातून जुने ताप-तक्त्याचे कागद काढले. इतक्या वर्षांचे उरलेले, कडा पिवळ्या पडलेले.

"नाडी कोणती लिहू याची?"

"पंख्याचा वेग लिही," मी गमतीनं म्हणालो. तिनं खरंच लिहायला सुरुवात केली.

पुढच्या वेळी गेलो तर कॉम्प्युटरवर खोळ. आपल्या पांढऱ्या ड्युटीच्या साडीची शिवली होती, निळा काठ बरोबर वरच्या कडेला बसवून. सुंदर शिवली होती. आणि मी भडकलो.

"हे काय करून ठेवलं? याच्यामुळंच तापते! हवा कुठून जाईल त्याच्यात? अन् हे काचेवरचं प्लास्टिक! इतक्या लोकांले शिकवते तू, तुले एवढं समजत नाई?"

ती म्हणाली, "चालू असला का काढतो ना रे मी. धुळीसाठी शिवली फक्त." पण मी ऐकलं नाही. काचेवरचं प्लास्टिक तिच्यासमोर टरटरा फाडून काढलं. खोळ चुरगाळून खाटेवर फेकली. ती उचलून तिनं घडी केली, आणि म्हणाली, "चुकलं माह्यं. आता नाई घालत."

चुकलं माह्यं म्हणाली ती. त्यानंतर कित्येक दिवस फोनवर मी हेच ऐकवत होतो, तू खोळ घालून मशीनचं वाटोळं केलंस, आता भोग.

मे उजाडला. अकोल्याचा मे. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि रात्रीसुद्धा भिंती गरम राहतात. फोन रोज. "आज ब्याण्णव. बंद पडला." "आज सकाळीच अठ्ठ्याऐंशी." पहाटे पाचला उठून लावलं तर साडेसहाला लाइट गेली, झालेलं सगळं पाण्यात. सहा वेळा लावला, सहाही वेळा पडला. एखाद्यानं नाद सोडला असता. बाईचं तसं नव्हतं. नवा पेशंट दुसऱ्याकडं जाऊ देईल, पण हातात घेतलेला सोडणार नाही.

"तू येऊन एकडाव उघडून पाय ना," ती म्हणायची.

"रविवारी येतो."

एक रविवार अंजनगाव सुर्जीला बायकोकडचं लग्न. दुसऱ्या रविवारी काहीच नव्हतं. ऊन होतं. एवढ्या उन्हात बसमध्ये कोण बसेल, म्हणून मी गेलो नाही. लोकांना सांगतो तेव्हा लग्नाचं सांगतो. खरं हे आहे.

त्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं, काय करू म्हणून. मी लॅबमध्ये होतो, माझ्या डोक्यावर एसी. कंटाळलो होतो त्या आकड्यांना. म्हणालो, "अवो बाई, मशीनले थंड हवा लागते. थंड हवा दे त्याले, बस. अन् त्याच्यापाशी बसून राहू नको, माणसाच्या अंगानं बी खोली तापते."

हेच शब्द. मी ते इतक्या वेळा मनात फिरवले आहेत की आता त्यांत चूक होणार नाही. घरात कूलर एकच आहे हे मला ठाऊक होतं. मला ते आठवलंच नाही.

बुधवार होता. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला फोन आला. तिचा आवाज बारीक होता, पण खुश होता.

"भाऊ, अठ्ठ्याहत्तर! ताप उतरला."

"पाय, म्हणलं होतं का नाई मी? थंड हवा लागते त्याले."

"हाव. दीड तास झाला, पडला नाई अजून. अर्धा झाला. दार लावून घेतलं कोठीचं, गारवा बाहेर नाई गेला पाह्यजे म्हणून." मग जरा थांबून, "मलेच जरासं..."

तेवढ्यात प्राचार्य लॅबमध्ये आले. काही कामाला नाही, सहज.

"बाई, साहेब आले. संध्याकाळी करतो फोन."

"बरं. कर मंग."

साडेपाचला मी घरी आलो. आंघोळ केली, आपल्या कूलरपुढं आडवा झालो आणि डोळा लागला. सात वाजता फोन केला. तिनं उचलला नाही. तीनदा केला. मग तिच्या शेजारणीला लावला. शेजारीण फोन कानालाच धरून गेली, तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता, मग दार ढकलल्याचा, आणि मग तिनं किंकाळी फोडली, "अवो माय!"

बाई पुढच्या खोलीत जमिनीवर होती, पंख्याखाली. पंखा गरम वारा फेकत होता. अंगावर ओला पंचा होता तो वाळून कडक झालेला. उशाशी पाण्याचा तांब्या, अर्धा. ज्या कोपऱ्यात कूलर असायचा तिथं फरशीवर त्याच्या चाकांच्या रेघा, कोठीच्या दारापर्यंत गेलेल्या. शेजारीण मला नंतर म्हणाली, "भाऊ, मी थे दार उघडलं तं आतून अशी गार हवा आली, मले वाटलं फ्रिज उघडला." बाईला दवाखान्यात नेलं. मी भाड्याच्या गाडीनं निघालो. मूर्तिजापूर सोडलं आणि दवाखान्यातून फोन आला, घाई करू नका म्हणून.

घाई करू नका. एवढंच बोलले ते, पण मला समजलं. गाडीवाल्यानं वेग कमी केला, तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. का दिल्या, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं जमलेली असताना, मी कोठीत गेलो होतो. कॉम्प्युटर चालूच होता. स्क्रीनवर पट्टी पूर्ण भरलेली. व्हिडिओ तयार झाला होता. मी स्क्रीन बंद केली आणि बाहेर येऊन लोकांत बसलो.

बाईच्या मागं करायचा जलदानाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले. बायको म्हणाली, कॉम्प्युटर सोबत घेऊन जाऊ, इथं कोणाच्या भरवशावर ठेवायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी तो खोलायला बसलो. त्याच कोठीत, त्याच चादरीवर. कार्ड काढलं. पंखा काढला. ठोकळ्याचे चार स्क्रू सोडवले आणि ठोकळा वर उचलला.

त्याच्या बुडाला प्लास्टिक होतं. नखाएवढ्या जाडीचं नाही, कागदाहून पातळ, आरपार दिसणारं. बसवायच्या आधी काढायचं असतं ते. त्याच्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत तसं छापलेलंही होतं. माझं मलम त्या अक्षरांवर पसरलेलं होतं, चांगलं, एकसारखं. मेंदूची उष्णता मलमापर्यंत येत होती आणि पुढं जायला वाट नव्हती. पहिल्या दिवसापासून. खोळ शिवायच्या आधीपासून. काचेवरचं प्लास्टिक मी तिच्यावर ओरडून टरकावलं, आणि हे माझं प्लास्टिक आत तसंच होतं.

मी बायकोला हाक मारली. तिला ते दाखवलं. तिला काही कळलं नाही. तिला कळावं म्हणून मी सांगायला लागलो आणि माझा आवाज मोठा होत गेला. बोलता बोलता मी तो ठोकळा भिंतीवर मारणार होतो. तिनं माझा हात धरला. मग मी तिथंच बसून रडलो. इतके दिवस लोकांसमोर रडलो होतो ते वेगळं. माझी बाई एका प्लास्टिकच्या चिटोऱ्यापायी गेली, आणि ते मी लावलं होतं.

मग मी एक काम केलं, ते का केलं मला अजून ठाऊक नाही. प्लास्टिक सोलून काढलं. ठोकळा पुसला, दुकानदारानं दिलेल्या पुडीतलं उरलेलं मलम लावलं, सगळं परत जोडलं. केबल खालच्या कार्डात लावली. कूलर बंद होता, कोठीचं दार उघडं, बाहेर बाराचं ऊन. आणि तोच व्हिडिओ पुन्हा तयार करायला लावला. कोपऱ्यातला आकडा बघत बसलो. पन्नास. सत्तावन्न. चौसष्ट. चौसष्टवर थांबला आणि हलला नाही. पाऊण तास झाला, दीड तास झाला. खोलीत मी घामानं चिंब, आणि तो चौसष्ट. त्याला कूलर लागतच नव्हता.

चौसष्ट हा आकडा कोणालातरी सांगायला हवा असं वाटलं. सांगायला कोणी नव्हतं. मोज अन् आकडा सांग, म्हणणारीच गेली. तेव्हा तिचे ते ताप-तक्त्याचे कागद आठवले. निदान त्यात लिहून ठेवू म्हणून शोधले. टेबलाच्या खणात होते, टाचणीनं नीट लावलेले, वर निळं पेन. तिचं नर्सचं अक्षर, गोल, सुटं. तारीखवार सगळं. ब्याण्णव, बंद पडला. अठ्ठ्याऐंशी, लाइट गेली. एके ठिकाणी शेऱ्यात, "खोळ काढली. फरक नाही." मला हे तिनं कधी फोनवर ऐकवलं नव्हतं.

शेवटचा कागद त्या बुधवारचा. सकाळपासून दर अर्ध्या तासाला नोंद. दीड वाजता, ताप अठ्ठ्याहत्तर, पुढं पंख्याचा वेग, आणि शेऱ्याच्या रकान्यात तेच, मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून: "ताप उतरला."

मी त्याच्याखाली चौसष्ट लिहायला पेन उघडलं. तिथं आधीच एक ओळ होती. अक्षर जरा वाकडं झालेलं.

"१.५०. स्वतः. १०२.६. नाडी ११८. शेरा: भाऊ कामात आहे. संध्याकाळी त्याचा फोन आला की सांगणे."

मी फोन केला तो सात वाजता.